घडीच्या चाकूचं लॉक : झीज कशी ओळखायची आणि बोटं कशी जपायची

घडीचा चाकू मिटतो तेव्हा त्याची धार मुठीतल्या खाचेत जाऊन बसते, आणि काम करताना आपली चार बोटं नेमकी त्या खाचेवरच असतात. पातं उघडं असताना त्याला परत मिटू न देण्याचं काम एक छोटी पट्टी, दांडी किंवा कडं करतं. तेच चाकूचं लॉक. दुचाकीचे ब्रेक लायनर जसे वापरानं झिजतात, तसंच हे लॉकही झिजतं. फरक एवढाच की ब्रेक बहुधा आवाज करून सांगतात. लॉक पुष्कळदा काहीच सांगत नाही आणि जोर लागलेल्या क्षणी सुटतं.

ट्रेकसाठी, गळ टाकायला जाताना, बागेत किंवा कॅम्पवर स्वयंपाकासाठी पहिला चाकू घेणारे बहुतेक जण धार पाहतात, पोलाद कोणतं ते विचारतात, किंमत पाहतात. लॉककडे कुणी बघत नाही. बघायला काही अवघड नाही. चांगला उजेड, पाच मिनिटं आणि काय पाहायचं याची माहिती एवढं पुरतं. ती माहिती इथे क्रमानं देतो आहे.

सुरुवात एका सक्तीच्या नियमानं. लॉक तपासण्याआधी धारेवर जाड मास्किंग टेप लांबीनं दुमडून चिकटवा, किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी धारेवर बसवून टेपनं बांधा. खालच्या सगळ्या तपासण्या धार झाकूनच करायच्या. ज्या लॉकवर आपल्याला शंका आहे ते उघड्या धारेसकट हलवून बघण्यात अर्थ नाही.

आधी आपल्या चाकूत काय आहे ते ओळखा

लाल मुठीचा, ९१ मिलीमीटरचा व्हिक्टोरिनॉक्स आपल्याकडे पुष्कळांच्या सॅकमध्ये असतो. ज्याला आपण स्विस नाइफ म्हणतो तो हाच. कार्ल एल्सेनर यांनी १८९७ साली ज्या ऑफिसर चाकूची नोंद केली, त्याच्याच वंशातला. त्याच्या पात्याला लॉक नाही. पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुडावर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या मागच्या टोकावर, दाबून बसते, बस्स. बोटानं पाठीवर जोर दिला की तो मिटतो, आणि तो तसाच बनवलेला आहे. म्हणून ‘माझ्या स्विस नाइफचं लॉक ढिलं झालंय’ ही तक्रार बहुतेक वेळा निराधार असते. त्याच कंपनीच्या १११ मिलीमीटरच्या मोठ्या मॉडेलांत मात्र लॉक असतं.

लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल दिसला की पात्याच्या बुडाशी स्टीलचं फिरतं कडं बघा. हे कडं १९५५ साली आलं. ते फिरवलं की पात्याला मिटायची वाट राहत नाही. २००० सालानंतरच्या कड्यानं मिटलेलं पातंही अडकवून ठेवता येतं. जुना चाकू कुणी दिला असेल तर एवढं पाहून घ्या, कारण जुन्या कड्याचा चाकू खिशात उघडू शकतो.

मुठीच्या पाठीवर, साधारण मध्यावर किंवा शेवटाकडे, दाबायची जागा असेल तर ते बॅक लॉक. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूनं १९६४ पासून हा प्रकार घराघरांत नेला. यात पाठीतली लांब दांडी पात्याच्या बुडातल्या खाचेत वरून उतरते.

मुठीच्या आत, एका बाजूला पातळ धातूची पट्टी उघड्या पात्याच्या बुडामागे येऊन बसत असेल तर ते लायनर लॉक. आज दिसतं त्या रूपात ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिरानं घडवलं. वेगळी पट्टी नसून मुठीची एक बाजूच कापून तिचं लॉक केलं असेल तर ते फ्रेम लॉक. ते ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूमुळे रुळलं.

मुठीतून आरपार जाणारी छोटी गोल दांडी, जी दोन्ही बाजूंनी बोटांनी मागे ओढता येते, ते क्रॉसबार लॉक. अमेरिकेतल्या बेंचमेड कंपनीनं १९९८ साली ते अ‍ॅक्सिस या नावानं बाजारात आणलं. आता अनेक चिनी कंपन्या तेच तत्त्व वापरतात, आणि भारतात ऑनलाइन मिळणाऱ्या मध्यम किमतीच्या चाकूंत हा प्रकार भरपूर दिसतो.

बटण लॉक आणि स्पायडर्को कंपनीचं कॉम्प्रेशन लॉक हेही भेटतील. त्यांच्यासाठी वेगळं काही सांगत नाही, तपासणी तीच.

लायनर आणि फ्रेम लॉक नेमकं कसं झिजतं

या दोघांवर मुद्दाम जास्त लिहितो, कारण नवशिक्यांच्या हातात सर्वांत जास्त हेच असतात आणि स्वस्त चाकूंत सर्वांत वाईट बनवलेलेही हेच असतात.

पातं पूर्ण उघडलं की ते एका आडव्या पिनवर जाऊन टेकतं. ती स्टॉप पिन. त्याच क्षणी लॉकची पट्टी बाजूनं सरकून पात्याच्या बुडामागे येते. म्हणजे पातं दोघांच्या मध्ये पकडलं जातं : एकीकडे स्टॉप पिन, दुसरीकडे पट्टीचं तोंड. पात्याचं बूड किंचित तिरकं कापलेलं असतं, साधारण ७ ते १० अंश. या उतारामुळे पट्टी पाचरीप्रमाणे घट्ट बसते, आणि धातू थोडा झिजला तरी आणखी थोडी आत सरकून ती जागा भरून काढते. ही रचना फार सुंदर आहे. पण आत सरकायला जागा आहे तोपर्यंतच.

नव्या, नीट बनवलेल्या चाकूत पट्टी बुडाच्या रुंदीचा अंदाजे पाव ते निम्मा भाग व्यापते. वापर वाढतो तशी ती पुढे सरकते. निम्म्याच्या पुढे गेली म्हणून घाबरू नका. कित्येक चाकू तिथे वर्षानुवर्षं स्थिर राहतात. पट्टी पार पलीकडच्या बाजूला जाऊन टेकली की मात्र भरून काढायला काही उरत नाही. त्यानंतरची प्रत्येक झीज थेट पात्याच्या हालचालीत दिसते.

उलटी स्थितीही वाईट, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. नव्या चाकूत पट्टी बुडाच्या अगदी कडेवर, जेमतेम टेकली असेल तर ती परत बाहेर घसरू शकते. उताराचा कोन चुकला असेल तर हे हमखास होतं. म्हणून नवा चाकू हातात आला की पहिली नजर तिथेच टाका आणि पट्टी कडेवरच राहत असेल तर चाकू परत करा. ‘वापरून बसेल’ असं विक्रेत्यानं सांगितलं तरी ऐकू नका. कधीकधी बसतेही, पण तोवर बोटं आपली पणाला लागतात.

फ्रेम लॉक पुष्कळदा टायटॅनियमचं असतं. टायटॅनियम पात्याच्या कडक पोलादापेक्षा मऊ, आणि पोलादावर घासलं की चिकटणारं. त्यामुळे लॉक उघडताना अडकल्यासारखं वाटतं, अंगठ्याला जोर लावावा लागतो, ‘टक्’ असा आवाज येतो. हा त्रासदायक दोष आहे, धोक्याचा नाही. चांगल्या कंपन्या पट्टीच्या तोंडाशी स्टीलचा छोटा तुकडा बसवतात, त्यानं झीज आणि चिकटणं दोन्ही कमी होतं. चिकटत असेल तर पट्टीच्या तोंडावर साध्या पेन्सिलीचं शिसं घासा, थोडा काळ आराम पडतो. कानस मात्र लावू नका. त्या तोंडाचा कोन हाताच्या कानशीनं राखता येत नाही, आणि एकदा काढलेला धातू परत येत नाही.

झीज लवकर आणणारी सवय म्हणजे मनगटाला झटका देऊन पातं पुन्हा पुन्हा जोरात उघडणं. प्रत्येक झटक्यात पात्याचं बूड स्टॉप पिनवर आणि पट्टी बुडावर आदळते. व्हिडिओत बघायला छान वाटतं, पण पाती मऊ आणि पट्ट्या पातळ असलेल्या स्वस्त चाकूंवर त्याचे व्रण लवकर उमटतात.

तपासणी, क्रमानं

पहिलं काम सफाईचं. मिटलेल्या चाकूत खिशातला कापसासारखा कचरा, सॅकमधली माती, फळांचा सुकलेला रस साचतो. बॅक लॉकमध्ये तो पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. दांडी पूर्ण खाली उतरत नाही आणि तरीही चाकू लॉक झाल्यासारखा वाटतो. लॉक सुटण्याच्या घटनांत झीज नसून कचराच कारण असलेल्या पुष्कळ असतात. खाच टूथपिकनं कोरा, जुन्या टूथब्रशनं घासा, कोमट साबणाच्या पाण्यात दोन-चार वेळा उघडझाप करा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. धार झाकायची टेप यानंतर लावली तरी चालेल, पण धुताना घाई नको.

मग उजेडात बघा. मोबाइलचा टॉर्च पाठीकडून आत मारा. पट्टी बुडावर कुठवर आली आहे? पट्टीच्या तोंडावर चकचकीत, चेपलेली जागा आहे का? बुडावर खोल ओरखडे, गंजाचे खड्डे आहेत का? फ्रेम लॉकमध्ये पट्टी वाकावी म्हणून मुठीचा धातू एका जागी पातळ केलेला असतो, तिथे बारीक चीर दिसते का? क्रॉसबारमध्ये दांडी दोन्ही बाजूंना सारखीच पुढे येते का, की एका बाजूला मागे रेंगाळते? शक्य असेल तर याच वेळी लॉकचा जवळून फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा फोटो काढला की पट्टी किती सरकली हे अंदाजानं सांगावं लागत नाही.

यानंतर हालवून बघणं. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टेप लावलेलं पातं. आधी डावी-उजवीकडे हलवा. थोडी हालचाल जाणवली तर बहुधा सांध्याचा स्क्रू ढिला आहे. तो आवळता येतो, त्याची फार चिंता करू नका. नंतर वर-खाली हलवा, म्हणजे उघडण्या-मिटण्याच्या दिशेनं. इथे हालचाल असेल तर कान टवकारा. लायनर, फ्रेम किंवा क्रॉसबारमध्ये वर-खाली खेळ म्हणजे लॉक आणि स्टॉप पिन यांच्यामध्ये पातं आता पकडलेलं नाही. जुन्या पद्धतीच्या बॅक लॉकमध्ये मात्र दांडीच्या पिनमध्ये थोडी मोकळीक असतेच. नव्या चाकूतही किंचित खेळ सापडतो. तिथे प्रश्न असा विचारायचा : हा खेळ पूर्वीपेक्षा वाढला का?

चौथी परीक्षा दाबाची. चाकू उघडून लॉक करा. पात्याची पाठ जाड लाकडी पाटावर टेकवा, म्हणजे धार आणि मुठीची खाच दोन्ही आकाशाकडे. मूठ फक्त दोन्ही बाजूंनी धरा. खाचेवरून एकही बोट जाता कामा नये. आता मूठ हळूहळू खाली दाबा, आधी हलका जोर, मग मध्यम. लॉक हललं, कुरकुरलं किंवा सुटलं तर निकाल लागला. हाच जोर देत मूठ थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे पिळा. लायनर लॉक सरळ दाबाला टिकतं आणि पिळल्यावर सुटतं, असं होऊ शकतं.

पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉकची परीक्षा घेणारे बरेच दिसतात. त्यांचं अनुकरण करू नका. जोरदार आपट्यांनी चांगल्या लॉकचंही तोंड चेपतं, स्टॉप पिन वाकते, आणि त्या परीक्षेत पास झालेला चाकू परीक्षेमुळेच नापास व्हायच्या वाटेला लागतो. रोजच्या कामात लॉकवर येतो तो दाब आणि पीळ, तपासायचंही तेच.

पाचवं, काम करताना धरता तशी मूठ घट्ट आवळा, अर्थात धार झाकलेली असताना. बॅक लॉकमध्ये हाताचा मांसल भाग दाबायच्या जागेवर येऊन लॉक उचललं जातं का ते पाहा. काही कंपन्या तेवढ्यासाठी दांडीवर उथळ खोलगा ठेवतात. लायनर लॉकमध्ये बोट पट्टीच्या उघड्या कडेवर जातं का तेही पाहा. फ्रेम लॉकला इथे नैसर्गिक फायदा आहे, कारण आपली पकडच पट्टीला आत ढकलते.

शेवटची परीक्षा मिटलेल्या चाकूची. पातं मुठीत धरून ठेवायला लायनर आणि फ्रेम लॉकच्या पट्टीत एक बारीक गोळी बसवलेली असते, ती पात्यावरच्या छोट्या खळग्यात बसते. ही पकड सैल झाली की चाकू खिशात किंचित उघडतो आणि हात घालणाऱ्याचं बोट सरळ धारेवर जातं. मिटलेला चाकू पात्याचं तोंड जमिनीकडे करून दोन-तीनदा झटका. पातं बाहेर डोकावलं तर तो चाकू खिशात न ठेवता पाकिटात किंवा म्यानात ठेवायचा.

महिन्यातून एकदा हे सगळं करा. समुद्रावर, चिखलात किंवा भर पावसात नेला असेल तर परतल्यावर लगेच.

काय स्वतः दुरुस्त करता येतं

सांध्याचा स्क्रू आवळणं कुणालाही जमतं. बहुतेक चाकूंना टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारखं बिट लागतं, टी-६ किंवा टी-८ मापाचं. बिट बरोबर मापाचंच हवं. जवळपास बसणाऱ्या मापानं स्क्रूची खाच गोल होते आणि मग साधी गोष्ट महाग पडते. अष्टमांश फेरा फिरवायचा, पातं हलवून पाहायचं, पुन्हा थोडा. पातं मोकळेपणानं फिरावं पण डोलू नये, अशी जागा सापडते. स्क्रू वारंवार ढिला होत असेल तर काढून आटे पुसा आणि निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीकसा थेंब फक्त आट्यांवर लावा. वॉशरवर सांडला तर पातं जाम होईल. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही.

तेल सांध्यावर एक थेंब. लॉकच्या तोंडावर नाही. तिथे धातूला धातू कोरडा भिडलेला हवा. चाकूनं फळं, भाजी कापणार असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम. खोबरेल किंवा गोडं तेल नको. ते हळूहळू चिकट होतं आणि सगळी धूळ धरून ठेवतं.

क्रॉसबारमध्ये दांडीला पुढे ढकलणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा असतात, ओमेगाच्या आकाराच्या. एक तुटली तरी दुसरीच्या बळावर लॉक चालतं, म्हणून पुष्कळांना कळतच नाही. दांडी एका बाजूला मऊ लागणं किंवा तिरकी परतणं ही खूण. खाऱ्या हवेत या तारा आधी गंजतात. कोकण किनाऱ्यावर वापरणाऱ्यांनी चाकू गोड्या पाण्यानं धुवायची सवय लावावीच. स्प्रिंग बदलायला मूठ उघडावी लागते. पूर्वी कधी उघडली नसेल तर कंपनीकडे पाठवणं बरं. स्प्रिंगा उडून हरवतात, आणि काही कंपन्या उघडलेल्या चाकूची वॉरंटी नाकारतात.

ओपिनेलचं दुखणं वेगळं आणि आपल्या हवामानाशी थेट जोडलेलं. त्याची मूठ बहुधा बीच लाकडाची. सह्याद्रीतल्या जुलैमध्ये ती ओल पिऊन फुगते आणि पातं आत अडकून बसतं. मग लोक नखानं, पक्कडीनं, दातानंही ओढतात आणि पातं एकदम सुटून हात कापतो. तसं करू नका. कडं मोकळ्या जागी आणून मुठीचं मागचं टोक लाकडावर हलकेच ठोका. पात्याचं टोक थोडं वर येतं, तेवढं धरून उघडा. फ्रान्समध्ये लोक असंच करतात. घरी आल्यावर सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात तापवू नका, लाकूड तडकतं. कडं सैल झालं असेल तर ते काढून पक्कडीनं अगदी थोडं आवळता येतं. तेही कापडात गुंडाळून, एकेक इवलासा दाब देत.

लायनर लॉकची पट्टी हातानं वाकवून ‘जोर वाढवण्याचे’ व्हिडिओ भरपूर आहेत. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टी जास्त वाकली तर लवकर झिजते, कमी वाकली तर सुटते, आणि बरोबर किती याचा अंदाज अनेक चाकू हाताळल्यावरच येतो.

वापरताना

लॉक उत्तम असलं तरी जोर नेहमी धारेच्या दिशेनं द्यायचा. धारेच्या दिशेचा जोर पात्याला उघडं ठेवतो, पाठीवरचा जोर त्याला मिटवतो. भोसकायच्या हालचालीत, म्हणजे डब्यात टोक खुपसणं, कडक प्लास्टिकला भोक पाडणं, लाकडात टोक रोवून पिळणं, पातं अडकतं आणि बाहेर काढताना पाठीवर ताण येतो. घडीच्या चाकूचे अपघात बहुतेक इथेच होतात. पातं अडकलं तर झटका देऊ नका. मुठीवरची बोटं खाचेपासून दूर घ्या आणि पातं गेलं त्याच रेषेत हळू मागे ओढा. लाकूड फोडायला पात्याच्या पाठीवर ओंडका मारणं तर घडीच्या चाकूनं कधीच नाही. ते काम कोयत्याचं किंवा जाड, न मिटणाऱ्या चाकूचं. नारळालाही कोयताच.

लायनर किंवा फ्रेम लॉकचा चाकू मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, म्हणून क्रम पाळा. अंगठ्यानं पट्टी बाजूला करा. तर्जनीनं किंवा दुसऱ्या हातानं पाठीवरून पातं थोडंसंच मिटवा, पट्टी परत बसणार नाही इतपत. तिथे थांबा. अंगठा पूर्ण बाहेर काढा, बोटं खाचेवरून हटवा, आणि मग पातं पाठीवरून दाबून बंद करा. दोन्ही हात वापरायला लाजू नका. काही चाकूंत धार सुरू होण्याआधी पात्याच्या बुडाशी बोथट भाग ठेवलेला असतो; चाकू अचानक मिटला तर तो आधी बोटावर येतो आणि धार वरच अडते. खरेदी करताना असा भाग आहे का हे जरूर पाहा. लॉक फसलं तर बोट वाचवणारी दुसरी गोष्ट चाकूत सहसा नसते.

गडाच्या पायथ्याशी, जत्रेत किंवा फुटपाथवर ‘कमांडो’ नावानं विकले जाणारे जड, काळे चाकू हातात घेतलेत तर लायनरची जाडी बघा. पत्र्यासारखी पातळ, अंगठ्यानं सहज इकडे-तिकडे वाकणारी पट्टी असेल तर तो चाकू लॉक नसलेला समजूनच वापरावा, खरं तर घेऊच नये. त्याच पैशांत साधा, लॉक नसलेला पण स्प्रिंग घट्ट असलेला चाकू जास्त सुरक्षित. त्याच्याकडून खोटा भरवसा तरी मिळत नाही.

बोट कापलंच तर

स्वच्छ कापडानं घाव दाबा आणि १० मिनिटं सलग दाबून ठेवा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर रक्त थांबत नाही. हात हृदयाच्या वर धरा. हळद, कॉफी, चुना घावात भरू नका. डॉक्टरांना ते आधी उपसून काढावं लागतं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्त आटोक्यात आल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्यानं धुवा. मग दोन गोष्टी तपासा : बोटाचं प्रत्येक पेर स्वतःहून वाकतं का, आणि बोटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतो का. मिटणारं पातं बोटाच्या आतल्या बाजूवर येतं, आणि वाकवणाऱ्या नसा, म्हणजे कंडरा, तिथेच कातडीच्या जवळ असतात. वाकत नसेल किंवा बधिर असेल तर घाव लहान दिसला तरी ट्रेक तिथेच संपवून हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. तुटलेली कंडरा जितक्या लवकर जोडली जाईल तितकं बरं. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारायला विसरू नका.

सोबत बाळगताना

विमानात चाकू केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात द्यावा लागतो. घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी न बनवलेले, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. घडीचे नेहमीचे चाकू त्याहून लहान असले तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस ठराविक काळासाठी चाकू बाळगण्यावर मनाई हुकूम काढू शकतात. म्हणून शहरातून जाताना चाकू कमरेला न लावता सॅकमध्ये खोल, ट्रेकच्या सामानाबरोबर ठेवा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यायची. तिथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येतो तो फक्त घडीचा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू. लॉक असलेला त्यात बसत नाही, मग पातं कितीही छोटं असो.

कधी थांबायचं

हलक्या दाबाला लॉक सुटलं, तर सफाई करून पुन्हा एकदा तपासा. पुन्हा सुटलं तर तो चाकू वापरातून बाद. पट्टी पलीकडे टेकली आहे आणि वर-खाली खेळही आहे, तरी बाद. पट्टीच्या पातळ भागात चीर, वाकलेली स्टॉप पिन, लॉकच्या तोंडावर गंजाचे खड्डे यांपैकी काहीही दिसलं तरी हेच. चांगल्या कंपनीचा असेल तर आधी त्यांना फोटोसह कळवा. अनेक जण स्प्रिंग बदलतात, स्टॉप पिन बदलतात, काही पूर्ण चाकूही बदलून देतात. तोवर पातं मिटवून त्यावर रबर बँड लावून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी सहज उघडून वापरणार नाही.

दुरुस्त होणार नसेल तर तो कुणाला ‘अजून चालेल’ म्हणून देऊ नका, शेजारच्या मुलाला तर नाहीच. पातं मिटवा, मुठीसकट पॅकिंग टेपचे पाच-सहा वेढे द्या, वर मार्करनं ‘धारदार, लॉक खराब’ असं ठळक लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात सांगून द्या. घरच्या कचऱ्यात सुटा टाकलेला चाकू सफाई कामगाराच्या हाती लागतो, आणि त्याच्या हातमोज्यातून धार सहज आत जाते.